तंतूएवढा थर

ज्या पदार्थावर मी सगळ्यात जास्त वर्षं काम केलं, तो दिसायला फिकट पिवळसर भुकटी आहे. सिरियमचं ऑक्साइड, म्हणजे सिरिया, आणि त्यातल्या दर दहा सिरियम अणूंपैकी एकाच्या जागी गॅडोलिनियम. दाबून, भाजून त्याची टिकली केली की ती हाताला अपेक्षेपेक्षा जड लागते. घनता ७.२ च्या आसपास, म्हणजे बिडाच्या बरोबरीची. कोल्हापूरच्या फाउंड्रीत काम केलेल्या एका विद्यार्थ्याने ती टिकली तळहातावर झेलून तसं लगेच सांगितलंही होतं.

या पदार्थाचा गुण असा, की तापवला की त्यातून ऑक्सिजनचे आयन वाहू लागतात. चार धनभारांच्या सिरियमच्या जागी तीन धनभारांचा गॅडोलिनियम बसला की विद्युतभाराचा हिशेब जुळण्यासाठी स्फटिकातला काही ऑक्सिजन गैरहजर राहतो. दोन गॅडोलिनियममागे एक रिकामी जागा. शेजारचा ऑक्सिजन त्या जागेत सरकतो, त्याची जागा मोकळी होते, तिच्यात पुढचा येतो. एका अंगाला हवा आणि दुसऱ्या अंगाला हायड्रोजन ठेवला, तर हवेतला ऑक्सिजन या घन पदार्थातून पलीकडे जातो आणि हायड्रोजनशी मिळून त्याचं पाणी होतं. तिथे सुटलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून परत हवेच्या बाजूला येतात. तारेतल्या त्या फेरीतून आपल्याला वीज मिळते. कुठे ज्वाला नाही, टर्बाइन नाही. या यंत्राला सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल म्हणतात, मराठी पुस्तकांत घन ऑक्साइड इंधनघट.

सगळी अडचण तापमानाची. एमिल बाऊर आणि हान्स प्राइस यांनी १९३७ मध्ये असा घट पहिल्यांदा चालवला तो १००० अंश सेल्सियसला. त्यांच्याआधी चाळीसेक वर्षं वॉल्टर नर्न्स्टने यिट्रियम घातलेल्या झिर्कोनियाची (झिर्कोनियमच्या ऑक्साइडची) कांडी तापवून तिचा दिवा बनवला होता. झिर्कोनिया या क्षेत्राला मिळाला तो तिथून, आणि अजूनही बहुतेक मोठे घट त्याच्यावरच चालतात. पण १००० अंशांना आजूबाजूचं काहीच साधं राहत नाही. घटाला घट जोडणारी पट्टी सिरॅमिकची लागते, सील टिकत नाही, चालू-बंद केलं की तडे जातात, आणि तापायलाच तासन् तास जातात. तापमान ६०० च्या खाली आणलं की घटाचा सांगाडा साध्या फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा करता येतो, ४३० च्या जातकुळीतल्या. ते स्टील कापणारे, वाकवणारे, वेल्डिंग करणारे कारागीर आमच्या यड्राव-शहापूरच्या शेडमध्ये आहेत. तापमान उतरवण्याचं कारण म्हणून निबंधांत खर्च, आयुष्य, कार्यक्षमता असं बरंच लिहिलेलं असतं. माझ्यासाठी खरं कारण हे आहे: हजार अंशांचं यंत्र मोजक्या देशांतल्या मोजक्या कंपन्यांचं राहतं, साडेपाचशे अंशांचं यंत्र इचलकरंजीत बनू शकतं.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी चालवला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांच्या काळात. तेव्हापासून या गावाला दोन गोष्टींची भूक आहे: मागाला वीज आणि धाग्याला खळ लावणाऱ्या सायझिंगला वाफ. माझ्या माहेरी माग होते, खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे. भारनियमनाच्या वर्षांत वडील वहीत वीज गेल्याच्या वेळा लिहून ठेवायचे, कारण बीमावर ताण धरलेला असताना माग अचानक थांबला की कापडात पट्टा पडतो आणि तो पुन्हा चालू करताना दिसतो. सायझिंगवाले वाफेसाठी बॉयलरमध्ये लाकूड, कोळसा, बगॅस जे मिळेल ते जाळतात. साडेपाचशे अंशांवर चालणारा इंधनघट इंधनातली साठ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा विजेत बदलू शकतो आणि वर जो गरम वायू बाहेर टाकतो, त्यावर सायझिंगची वाफ आरामात तयार होते. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले तेव्हा विषय निवडायला मला याहून जास्त विचार करावा लागला नाही.

कोल्हापूर जवळ होतं आणि तिथे या कामाची वाट आधी पडलेली होती. शिवाजी विद्यापीठात द्रावण फवारून तापल्या काचेवर किंवा सिरॅमिकवर पातळ फिल्म बनवण्याची जुनी परंपरा आहे. चौराशिया, पवार आणि जाधव यांनी २००८ मध्ये याच गॅडोलिनियम घातलेल्या सिरियाच्या फवारलेल्या फिल्मवर निबंध प्रसिद्ध केला होता. तो मी इतक्या वेळा वाचला की त्यातल्या आकृत्या मला न बघता काढता यायच्या. आपल्या गावापासून तासाभराच्या अंतरावर बसलेल्या माणसांनी हे केलंय, हे कळण्याचा तरुण वयात जो आधार मिळतो, तो परदेशी निबंधातून मिळत नाही.

भुकटी मी ज्वलनपद्धतीने बनवत असे, अजूनही बनवते. सिरियम आणि गॅडोलिनियमचे नायट्रेट पाण्यात विरघळवायचे, त्यात ग्लायसीन घालायचं आणि तापवत राहायचं. पाणी आटतं, द्रावण चिकट होतं, फुगतं आणि एका क्षणी आतून पेट घेतं. नायट्रेटमधला ऑक्सिजन ग्लायसीनमधल्या कार्बनला जाळतो. काही सेकंदांत बीकर भरून हलकी भुकटी तयार होते, आणि वर जाळी ठेवली नसेल तर निम्मी छताला लागते. या पद्धतीच्या मुळाशी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं काम आहे: किंग्जली आणि के. सी. पाटील यांनी १९८८ मध्ये युरिया वापरून अशीच ॲल्युमिना बनवून दाखवली. महागडं यंत्र लागत नाही, हॉट प्लेट आणि चांगलं धूर-कपाट पुरतं. म्हणूनच ती आपल्याकडच्या कॉलेजांत रुजली. पावसाळ्यात मात्र गॅडोलिनियम नायट्रेट हवेतलं पाणी ओढून बाटलीतच पाघळतं, वजन खोटं येतं आणि दहाला एक हे प्रमाण नकळत सरकतं. जून ते सप्टेंबर मी ऑक्साइडपासून सुरुवात करते, नायट्रिक आम्लात विरघळवून. वेळ जास्त जातो, पण प्रमाणावर विश्वास ठेवता येतो.

टिकली भाजून झाली की तिचा विरोध मोजायचा. वेगवेगळ्या वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह देऊन आलेख काढला की त्यात अर्धवर्तुळं दिसतात. एक स्फटिककणांच्या आतल्या विरोधाचं, दुसरं कणाकणांमधल्या सीमेचं. ७०० अंशांना दुसरं जवळजवळ दिसत नाही. तापमान उतरवत न्यावं तसं ते फुगत जातं आणि ३०० च्या आसपास आलेखाचा बराच भाग तेच खाऊन टाकतं. कणाच्या आत ऑक्सिजनची वाट मोकळी आहे, अडतं ते एका कणातून दुसऱ्यात शिरताना. आणि तिथे बहुतेक वेळा बसलेली असते सिलिका, म्हणजे वाळूचाच अंश. दशलक्ष भागांत काहीशे भाग सिलिका पुरते, कारण ती सगळ्या पदार्थात सारखी पसरत नाही. भाजताना ती नेमकी सीमेवर जाऊन पातळ थर धरते.

ही सिलिका शोधण्यात माझी पुष्कळ मेहनत गेली. काचेच्या बीकरमधून येते, खलातून येते, भट्टीच्या विटांतून येते. आमचा सगळा मुलूख बेसाल्टचा, त्यामुळे बोअरच्या पाण्यात ती विरघळलेलीच असते, आणि ऊर्ध्वपातनाचं भांडं जुनं झालं की थेंबांबरोबर थोडी पलीकडे जाते. मी प्लास्टिकची भांडी वापरू लागले, पाणी दोनदा शुद्ध करू लागले, भट्टीत टिकलीखाली त्याच भुकटीचा थर पसरू लागले. दुसरं अर्धवर्तुळ हळूहळू लहान झालं. पदार्थाचं रासायनिक सूत्र तेच, क्ष-किरणांचा आलेख तोच, आणि ५०० अंशांची वाहकता वेगळी. तेव्हापासून मला नवीन सूत्रांचं वेड राहिलं नाही.

या क्षेत्रात सूत्रांची शर्यत जोरात आहे, आणि ती महत्त्वाची आहे हे मला मान्यच आहे. २००४ मध्ये शाओ आणि हाइले यांनी बेरियम, स्ट्रॉन्शियम, कोबाल्ट आणि लोखंड असलेला हवेच्या बाजूचा इलेक्ट्रोड दिला, आणि ६०० अंशांना दर चौरस सेंटिमीटरला एक वॉटच्या पुढे शक्ती मिळाली. तापमान उतरलं की हवेतला ऑक्सिजन फोडून आत घेण्याचं काम मंदावतं, म्हणून असा इलेक्ट्रोड लागतोच. जपानच्या क्यूशू विद्यापीठातल्या गटाने २०२५ मध्ये स्कँडियम भरपूर घातलेल्या बेरियम स्टॅनेट आणि टायटॅनेटमध्ये ३०० अंशांना ०.०१ सीमेन्स प्रति सेंटिमीटरची वाहकता दाखवली. तिथे ऑक्सिजनऐवजी प्रोटॉन वाहतात. वाचून मी त्या दिवशी वर्गात सगळं बाजूला ठेवून तेच शिकवलं. पण प्रयोगशाळेतल्या टिकलीचा आकडा आणि चालणारा घट यांच्यामध्ये जो पट्टा आहे, तिथे काम करणारी माणसं कमी आहेत. तो पट्टा आहे जाडीचा.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजातले ब्रायन स्टील यांनी २००० मध्ये एक साधा हिशेब मांडला. एक चौरस सेंटिमीटर थराचा विरोध ०.१५ ओहमच्या वर जाता कामा नये. ५०० अंशांना या सिरियाची वाहकता साधारण ०.०१ सीमेन्स प्रति सेंटिमीटर. दोन्हींचा गुणाकार केला की थराची जाडी निघते: १५ मायक्रॉन. टिकली असते एक मिलिमीटरची, म्हणजे त्याच्या साठ-सत्तर पट. मला हवा होता एवढा पातळ थर, कुठेही भोक नसलेला, हायड्रोजनच्या बाजूच्या सच्छिद्र निकेल-सिरियाच्या तळावर बसलेला. आणि १५ मायक्रॉन म्हणजे किती, हे इचलकरंजीत कुणाला समजवावं लागत नाही. कापसाचा एक तंतू साधारण तेवढाच जाड असतो.

पातळ थर देण्याच्या पद्धती अनेक आहेत. निर्वातात बाष्प करून द्यायच्या पद्धती सुंदर आहेत आणि आमच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. स्क्रीन प्रिंटिंग मात्र आमच्या गावाचं काम. भुकटी टर्पिनिऑलमध्ये इथाइल सेल्युलोज घालून घोटली की शाई तयार होते. ती घेऊन मी कापडावर टेबल प्रिंटिंग करणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी काडीने शाई उचलून खाली सोडली आणि धार तुटते कशी ते बघत राहिले.

"मॅडम, ही लई जड हाय. जाळीतनं उतरंल, पर पसरायची न्हाई. कडा उभ्या ऱ्हातील."

तसंच झालं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी घट्टपणा कमी केला, मग जाळी बारीक घेतली. स्क्वीजीचा, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पट्टीचा, कोन किती, दाब कुठे द्यायचा, जाळी आणि तळ यांत अंतर किती ठेवायचं, हे त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून शिकवलं. परदेशी निबंधात याबद्दल एक ओळ असते: थर स्क्रीन प्रिंटिंगने दिला. त्या एका ओळीत काकांची सगळी कारागिरी गडप होते.

पहिले थर भाजून आले ते उघड्या डोळ्यांना निर्दोष होते. घट बांधला, एका बाजूला ओलसर हायड्रोजन, दुसरीकडे हवा, ६०० अंश. कागदावर १.१ व्होल्ट मिळायला हवेत. सिरियात थोडे कमी मिळतात, ०.९ च्या खाली, हे माहीत होतं. मिळाले ०.७ च्या आसपास आणि तेही डळमळते. कुठेतरी वायू गळत होता. विद्यापीठात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली थर बघितला तेव्हा काही ठिकाणी आरपार नळ्या दिसल्या, वाकड्या, लांबट, कडा गुळगुळीत. भुकटी नीट बसली नाही म्हणून पडणारी भोकं अशी नसतात. ती गोलसर किंवा टोकेरी असतात. या नळ्यांची रुंदी सगळीकडे सारखीच होती, बारा ते अठरा मायक्रॉन.

उत्तर काकांनी दिलं. फोटो बघून म्हणाले, "हे तूस हाय. आमच्याकडं जाळीवर बसलं की छपाईत ठिपका ऱ्हातोय, गिऱ्हाईक पीस परत आणतंय."

गावाच्या हवेत कापसाचं तूस सतत उडत असतं. एखादा तंतू ओल्या थरात पडला की तो थराइतकाच जाड, म्हणजे वरपासून खालपर्यंत पोचलेला. भट्टीत साडेतीनशे-चारशे अंशांना तो जळून जातो, त्याच्या जागी नळी उरते, आणि पुढे भाजताना एवढी मोठी पोकळी मिटत नाही. जाड टिकलीत असा तंतू गेला तरी काही बिघडत नव्हतं. थर पातळ केल्याबरोबर त्याने सगळा घट निकामी केला.

मग आम्ही छपाईचं टेबल पर्स्पेक्सच्या बंद पेटीत घेतलं, आत गाळलेली हवा सोडली आणि सुती ॲप्रन बंद केले. यंत्रमागाच्या गावात राहून अंगावर नायलॉनचे कोट घालायचे, हे आईला अजिबात पटलं नाही. सगळ्यात उपयोगी ठरली एक विद्यार्थिनी. तिच्या घरी वहिफणीचं काम चालायचं, बीमावरचे हजारो धागे एकेक करून फणीतून ओवायचं. भाजण्याआधी तिरप्या उजेडात थर धरून ती तूस कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायची. सूक्ष्मदर्शकाने तपासलं की ते तिथेच सापडायचं. गळती थांबली, व्होल्टेज ०.८५ च्या वर जाऊन स्थिर राहिलं.

खळीनेही अशीच मदत केली. भुकटी दाबताना ती धरून ठेवायला जे पॉलिव्हिनाइल आल्कोहोल घालतात, तेच सायझिंगमध्ये ताण्याच्या धाग्याला बळ द्यायला वापरतात. कुठल्या जातीचं किती तापमानाच्या पाण्यात किती वेळ ढवळलं की गाठी राहत नाहीत, हे मला सायझिंगच्या मास्तरांनी सांगितलं, आणि ते रसायनाच्या कॅटलॉगपेक्षा खरं निघालं.

सिरियाच्या व्होल्टेजचा तो घाटा समजून घेण्यासारखा आहे. हायड्रोजनच्या बाजूला काही सिरियम चार धनभारांवरून तीनवर उतरतो आणि पदार्थातून इलेक्ट्रॉनही झिरपू लागतात, म्हणजे वीज आतल्या आतच वाया जाते. याच दोषामुळे सिरिया कित्येक वर्षं बाजूला पडला होता. स्टील यांच्या लक्षात आलं की तापमान उतरलं की आयनांच्या वाहण्यापेक्षा हे झिरपणं जास्त वेगाने कमी होतं. ७०० ला जो दोष मोठा, तो ५०० ला सोसण्याजोगा. पदार्थ बदलावा लागला नाही, त्याच्याकडून काम घेण्याची पातळी बदलली. २००१ मध्ये इंपीरियल कॉलेजातून सेरिस ही कंपनी निघाली ती याच आधारावर: छिद्रं पाडलेलं स्टील, त्यावर छपाईने दिलेला सिरिया. २०२४ मध्ये पुण्याच्या थरमॅक्सने सेरिसशी करार केला. तो उलट्या कामासाठी आहे, तोच घट वीज देऊन चालवायचा आणि वाफेतून हायड्रोजन काढायचा. पुण्यापर्यंत आलेली गोष्ट कोल्हापूर जिल्ह्याला लांब नाही.

इंधनाचं विचाराल तर आमच्या चारी बाजूंना साखर कारखाने आहेत. निस्सानने २०१६ मध्ये ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलवर इंधनघटाची गाडी चालवून दाखवली, आणि तो घट घन ऑक्साइडचाच होता. डिस्टिलरीच्या सांडपाण्यातून निघणारा बायोगॅसही चालेल, पण त्यात हायड्रोजन सल्फाइड भरपूर असतो आणि तो निकेलला मारतो. कमी तापमानाला तर जास्तच, कारण गंधक पृष्ठभागावर घट्ट बसतं. गॅस आधी गंधकमुक्त करावा लागेल. हा खर्च धरल्याशिवाय कुणी बायोगॅसवरच्या इंधनघटाची स्वप्नं रंगवू नयेत, असं मी प्रत्येक सभेत सांगते.

सध्या आम्ही अडलोय स्टीलपाशी. निकेल-सिरियाच्या तळावरचा थर आम्ही १३५० अंशांना भाजतो, तळही सिरॅमिक असल्यामुळे दोघं बरोबर आटतात. स्टीलच्या तळावर हे शक्य नाही. उघड्या हवेत तेवढ्या तापमानाला स्टीलची नुसती खपली होईल. हजारच्या वर जायचं नाही आणि हवाही लागू द्यायची नाही, एवढ्यात सिरिया ९५ टक्के घट्ट करायचा आहे, त्याशिवाय तो वायू अडवत नाही. शेकडा एखादा भाग कोबाल्ट ऑक्साइड घातलं की बारीक भुकटी ९०० अंशांच्या आसपासही घट्ट होते, हे झुरिचच्या क्लाइनलोगेल आणि गाउकलर यांनी दाखवलेलं आहे. पण ते मोकळ्या टिकलीत. स्टीलला चिकटलेला थर आडवा आटू शकत नाही, फक्त जाडीत बसू शकतो, आणि तिथे तडे जातात. त्यामुळे आता काकांबरोबर नवीन शाई करायला घेतली आहे. तिच्यात भुकटीचं प्रमाण वाढवायचंय, म्हणजे भाजण्याआधीच थर जास्त दाट बसेल आणि आटायला कमी उरेल. काकांचं म्हणणं, एवढी जड शाई जाळीतनं उतरवायची तर स्क्वीजीचं रबर बदलावं लागेल. ते रबर त्यांनी मागवलंय.